मंडईतले साडेपाच आणि युनिक्सचा शून्य क्षण

#थ्रेड #पुणे #इतिहास

गुरुवार, १ जानेवारी १९७०. पहाटेचे साडेपाच. पुण्याच्या शुक्रवार पेठेत सूर्योदयाला अजून दीड तास अवकाश होता. मंडईचा दिवस अर्थात सूर्याची वाट पाहत नाही. अष्टकोनी मनोऱ्याच्या त्या दगडी इमारतीत त्या पहाटे इतिहासात नोंद व्हावी असे काहीही घडले नाही. तरीही आज जगातील अब्जावधी यंत्रे प्रत्येक क्षण मोजतात तो त्याच क्षणापासून. पुण्यात पहाटेचे साडेपाच वाजले होते तेव्हा ग्रिनिचला मध्यरात्र होती, आणि युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने तिलाच ‘शून्य’ मानले.

खिशातला अँड्रॉइड फोन, बँकेचा लिनक्स सर्व्हर, मॅक संगणक ही सगळी युनिक्सच्याच कुळातली किंवा वळणाची यंत्रे. त्यांना तारीख, वार, महिना यांपैकी काहीच ठाऊक नसते. त्या शून्य क्षणानंतर किती सेकंद उलटले, एवढा एक आकडा त्यांच्यापाशी असतो. त्या आकड्याचे ‘सकाळचे पावणेनऊ’ करून दाखवणे हे वेगळे काम आहे. ते करण्यासाठी इतिहास लागतो, आणि तो इतिहास कोणीतरी सतत दुरुस्त करत राहावा लागतो. हा धागा त्या दुरुस्तीविषयी आहे.

प्रथम शून्याची गोष्ट. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये १९६९ पासून युनिक्स घडवायला घेतले. नोव्हेंबर १९७१ मध्ये त्याची पहिली माहितीपुस्तिका निघाली. तीत काळाचा आरंभ १ जानेवारी १९७१ असा दिला होता आणि मोजणी सेकंदाच्या साठाव्या भागात होती. बत्तीस बिटांच्या खणात हा हिशेब जेमतेम ८२९ दिवस मावतो. म्हणजे सव्वादोन वर्षांनी घड्याळ भरून वाहणार! मग आरंभाचे वर्ष पुढे सरकवून पाहण्यात आले. शेवटी साठावा भाग सोडून पूर्ण सेकंद धरले गेले आणि १९७० चा आरंभ कायम झाला. युनिक्सच्या घड्याळाची डागडुजी अशी त्याच्या जन्मापासूनच सुरू आहे. ती २०३८ साठी आजही चालू आहे. त्याकडे शेवटी येऊ.

आता सेकंदांचे घड्याळी वेळेत रूपांतर कसे होते ते पाहू. प्रत्येक युनिक्स-वळणाच्या यंत्रात ‘टीझेडडेटा’ नावाचा एक छोटा संग्रह असतो. जगातील कोणत्या प्रदेशाने कोणत्या दिवसापासून कोणती वेळ पाळली, याची ती वही. भारतासाठी तीत एकच नोंद आहे: ‘एशिया/कोलकाता’. पुणे, नागपूर, पणजी, दिल्ली सगळे तिच्यातच. मूळ मजकुरात ही नोंद अवघ्या आठ ओळींची आहे. पण त्या आठ ओळींत दीडशे वर्षांचे राजकारण दडलेले आहे.

पहिली ओळ कोलकात्याच्या स्थानिक वेळेची: ग्रिनिचच्या पुढे ५ तास ५३ मिनिटे २८ सेकंद, १८५४ पर्यंत. दुसरी हावड्याच्या वेळेची: ५ तास ५३ मिनिटे २० सेकंद, १८७० पर्यंत. आठ सेकंदांचा हा फरक हुगळी नदीच्या दोन काठांचा! तिसरी ओळ मद्रासची: ५ तास २१ मिनिटे १० सेकंद, १८७० ते १९०५ अखेर. चौथी १ जानेवारी १९०६ पासूनची भारतीय प्रमाणवेळ, साडेपाच तास. पुढच्या ओळी दुसऱ्या महायुद्धातील उलथापालथीच्या, आणि शेवटची ओळ १५ ऑक्टोबर १९४५ पासून आजतागायत चालू असलेली.

यातील मद्रासची ओळ पुण्याच्या दृष्टीने महत्त्वाची. खंडाळ्याहून पुण्याला आगगाडी आली १८५८ मध्ये. तोवर प्रत्येक गावाची वेळ त्या गावाच्या सूर्याची असे. गाड्या धावू लागल्यावर ते अशक्य झाले, आणि रेल्वेने मद्रासच्या वेधशाळेची वेळ सर्वत्र लागू केली. मद्रास मुंबई आणि कलकत्ता यांच्या साधारण मधोमध पडत असल्याने ही तडजोड सोयीची होती. पण पुण्याची स्वतःची सूर्यवेळ ग्रिनिचच्या पुढे सुमारे ४ तास ५५ मिनिटे. स्टेशनावरचे घड्याळ म्हणून पेठांतल्या सूर्यापेक्षा जवळजवळ सव्वीस मिनिटे पुढे चाले. गाडी पकडायची तर मद्रास, जेवायला बसायचे तर पुणे.

आजच्या प्रमाणवेळेनुसार मंडईच्या मनोऱ्यावर सूर्य सरासरी १२ वाजून साडेचौतीस मिनिटांनी माथ्यावर येतो. पृथ्वीच्या कक्षेमुळे ही वेळ वर्षभर पुढे-मागे होते. नोव्हेंबरच्या आरंभी ती सव्वाबाराच्या जवळ असते, तर फेब्रुवारीच्या मध्यात पावणेएकच्या पुढे जाते. ‘दुपारचे बारा’ हा शब्दप्रयोग पुण्यात १९०६ पासून खगोलदृष्ट्या खोटाच ठरला आहे.

मुंबईत हा बदल इतक्या शांतपणे झाला नाही. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजासाठी मद्रासची वेळ लागू केली. (पुण्यातल्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, तेच हे फर्ग्युसन.) मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे, म्हणजे मद्रासच्या अर्धा तास मागे. शहराने विरोध केला. राजाबाई मनोऱ्यावरच्या घड्याळाने सरकारची वेळ दाखवायची की शहराची, यावरही वाद रंगला. १८८३ मध्ये सरकारला हुकूम मागे घ्यावा लागला.

१९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तेव्हा अंतर वाढून एकोणचाळीस मिनिटांचे झाले. जानेवारी महिन्यातच मुंबईच्या जेकब ससून मिलमधील हजारो कामगारांनी काम बंद केले. त्यांची तक्रार अमूर्त नव्हती. भोंगा एकोणचाळीस मिनिटे आधी वाजणार, म्हणजे तितके आधी अंधारात उठून चाळीतून निघायचे. कागदावर वेळेचा आकडा बदलला होता. कामगाराच्या दृष्टीने त्याची झोप कापली गेली होती. त्याच वर्षी मुंबई महापालिकेनेही आपल्या घड्याळांसाठी ‘मुंबई वेळ’च पसंत केली, आणि ती पुढे कित्येक दशके, अगदी स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही काही काळ सोडली नाही. एकाच शहरात सरकारची, रेल्वेची एक वेळ आणि पालिकेची दुसरी!

आता यंत्रातली ती वही पुन्हा उघडून पाहावी. मुंबई वेळेची ओळ तीत कुठेही नाही.

यामागे संग्रहाचा एक लेखी नियम आहे. दोन ठिकाणची घड्याळे १९७० पासून पुढे एकसारखी चालली असतील, तर त्यांना मिळून एकच नोंद. मुंबई आणि कोलकाता यांची वेळ १९७० नंतर कधीच वेगळी झाली नाही, म्हणून मुंबईची वेगळी नोंद होत नाही. १९७० हे वर्ष येथे निवडले गेले ते केवळ युनिक्सचा शून्य क्षण तेथे आहे म्हणून. बेल लॅब्समधल्या दोन अभियंत्यांनी सोयीसाठी ठरवलेली सीमारेषा अशा रीतीने इतिहासाची चाळणी झाली. १९२० मधील मुंबई महापालिकेच्या एखाद्या कागदावर ‘सकाळचे दहा’ लिहिलेले असेल, तर आजचे कोणतेही यंत्र त्याचा एकोणचाळीस मिनिटे चुकीचा अर्थ लावील, आणि ते पूर्ण आत्मविश्वासाने लावील.

या नियमावर भांडणे झाली नाहीत असे नाही. २०२२ मध्ये ऑस्लो, स्टॉकहोम, कोपनहेगन यांच्या स्वतंत्र नोंदी बर्लिनच्या नोंदीशी जोडण्यात आल्या. १९७० पूर्वीचा त्यांचा वेगळा इतिहास ‘बॅकझोन’ नावाच्या बाजूच्या फाइलीत गेला. ती फाइल सहसा कोणाच्या यंत्रावर येत नाही. स्कँडिनेव्हियाच्या राजधान्यांनी जर्मनीची वेळ का दाखवावी, असा प्रश्न उठला. काहींनी जुन्या नोंदी राखणारी संग्रहाची वेगळी प्रत काढली. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात अशा फुटून निघालेल्या प्रतीला ‘फोर्क’ म्हणतात.

पुणेकराला ‘फोर्क’ समजावून सांगण्याची गरज पडू नये. पंचांगाच्या बाबतीत या शहराने तो केव्हाच पाहिला आहे.

महाराष्ट्रातील पंचांगे शतकानुशतके गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या १५२० च्या ग्रंथावरून तयार होत. ग्रंथ फार हुशारीने रचलेला. किचकट त्रिकोणमिती टाळून ग्रहांची स्थाने काढून देणारा. पण कोणतेही कोष्टक काळाबरोबर शिळे होते. दरवर्षीची चूक कणभर असली तरी साडेतीनशे वर्षांत तिची रास होते, आणि ग्रहण पंचांगात एका वेळी तर आकाशात दुसऱ्या वेळी दिसू लागते. पुण्यात गणित शिकवणारे केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय वेधांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध केला. आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने १८६५ पासून त्या आधारे नवे पंचांग निघू लागले. हेच पटवर्धनी पंचांग. लोकमान्य टिळकांनी पुढे त्याचा पुरस्कार केला आणि ते टिळक पंचांग म्हणून ओळखले जाऊ लागले.

गणित सुधारले, पण सगळे लोक काही त्यामागून गेले नाहीत. राशिचक्राचा आरंभबिंदू कोठे धरावा यावर मतभेद राहिला. तो आजही आहे. म्हणून टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत मकरसंक्रांत इतरांच्या चार दिवस आधी, दहा जानेवारीच्या सुमारास येते. अधिक महिन्यातही कधी कधी फरक पडतो. मंडईच्या आसपास ज्या पेठा आहेत, त्यांत शेजारच्या दोन घरांत दोन निरनिराळ्या दिवशी तिळगूळ वाटला जाणे हे कुणाला विचित्र वाटत नाही. संगणकाच्या भाषेत सांगायचे, तर छत्र्यांनी अपडेट दिला, काहींनी तो घेतला, काही जुन्या आवृत्तीवर राहिले, आणि दोन्ही आवृत्त्या चालू राहिल्या.

केरूनानांचे कोष्टक आणि टीझेडडेटा यांत एक भेद मात्र मोठा आहे. ग्रह आपला मार्ग मनमानीने बदलत नाहीत, सरकारे बदलतात. म्हणून टीझेडडेटा वर्षातून कित्येकदा नव्याने काढावा लागतो.

मार्च २०२३ मधले लेबनॉन हे याचे अलीकडचे ठळक उदाहरण. उन्हाळी वेळ सुरू व्हायला दोन-तीन दिवस उरले असताना तिथल्या सरकारने ती जवळजवळ महिनाभर पुढे ढकलली. देशातील मॅरोनाइट चर्चने आणि अनेक संस्थांनी हे मानले नाही. १९०६ च्या मुंबईप्रमाणेच एका देशात दोन वेळा चालू लागल्या. काही दिवसांत सरकारने निर्णय फिरवला. संग्रहाचे काम पाहणाऱ्यांनी आधी नव्या निर्णयाची आवृत्ती काढली आणि आठवड्याच्या आत तो रद्द करणारी दुसरी. मधल्या काळात ज्यांच्या यंत्रांनी पहिली घेतली आणि दुसरी घेतली नाही, त्यांची घड्याळे लेबनॉनपुरती चुकीची राहिली.

पुण्यातल्या यंत्राला लेबनॉनशी काय करायचे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण शहराच्या संगणक उद्योगाचे ग्राहक परदेशी. २००७ मध्ये अमेरिकेने उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून सुरू करायचे ठरवले, तेव्हा अद्ययावत न केलेले प्रत्येक यंत्र त्या मार्चमध्ये तीन आठवडे एक तास चुकणार होते. भारतात काहीही बदलले नव्हते. तरी भारतातली यंत्रे दुरुस्त करावी लागली.

ही दुरुस्ती प्रत्यक्षात कशी होते? संग्रह मूळ साध्या मजकुराच्या रूपात प्रसिद्ध होतो. डेबियन, रेड हॅट, फ्रीबीएसडी यांसारख्या वितरणांचे लोक तो उचलतात, ‘झिक’ नावाच्या उपकरणाने यंत्राला वाचता येईल अशा बारक्या फाइली बनवतात आणि पॅकेज म्हणून पाठवतात. प्रशासक ते घेतो. येथे काम संपले असे त्याला वाटते, आणि नेमकी येथेच फसगत होते. आधीपासून चालू असलेला प्रोग्राम जुनी माहिती स्मरणात धरून बसलेला असतो. तो बंद करून पुन्हा सुरू केल्याखेरीज त्याला नवी वेळ कळत नाही. शिवाय जावासारख्या भाषा, काही डेटाबेस आणि ब्राउझर या संग्रहाची स्वतःची वेगळी प्रत बाळगतात. यंत्राची वही नवी आणि प्रोग्रामची जुनी, असे होऊ शकते. एकाच सर्व्हरवर मग दोन ‘खऱ्या’ वेळा नांदतात.

आणि वही सांभाळतो कोण? १९८० च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी हे काम सुरू केले. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ते नोकरीला होते; घड्याळे हा त्यांच्या नोकरीचा विषय नव्हता. पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील पॉल एगर्ट यांनी सूत्रे घेतली. जगाच्या घड्याळांचा कारभार अनेक वर्षे मूठभर लोकांच्या आणि त्यांना पत्रे पाठवून चुका कळवणाऱ्या हौशी मंडळींच्या जिवावर चालला होता. हे किती नाजूक आहे ते २०११ मध्ये दिसले. ॲस्ट्रोलेब नावाच्या अमेरिकन कंपनीने ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर खटला भरला. संग्रहातील जुन्या वेळांची माहिती तिच्या मालकीच्या नकाशाकोशातून घेतली आहे, असे तिचे म्हणणे. ऑक्टोबर २०११ मध्ये संग्रह काही दिवस चक्क बंद पडला. मग इंटरनेटची नावे व क्रमांक सांभाळणाऱ्या ‘आयकॅन’ने तो आपल्या छत्राखाली घेतला. फेब्रुवारी २०१२ मध्ये खटला मागे घेण्यात आला.

ॲस्ट्रोलेब कंपनी काय विकत असे? ज्योतिषाचे सॉफ्टवेअर.

हा योगायोग नव्हे. अमुक गावात अमुक दिवशी घड्याळ नेमके काय दाखवत होते, हे जाणून घेण्याची सर्वाधिक निकड कुंडली मांडणाऱ्यालाच असते. आपल्याकडचे ज्योतिषीही हे पिढ्यान्पिढ्या जाणतात. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात महायुद्धामुळे भारतभर घड्याळे एक तास पुढे होती. त्या काळातील जन्मवेळेतून तास वजा करण्याचा नियम जुन्या ज्योतिषांना तोंडपाठ असे. इतिहासाच्या अभ्यासकांना तो तितकासा आठवत नाही. चलेजाव आंदोलनाचा उत्तरार्ध, २४ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या कॅपिटॉल चित्रपटगृहात झालेला बॉम्बस्फोट, हे सारे त्या युद्धकालीन वेळेत घडले आहे. पोलिसांच्या त्या वेळच्या कागदांवरील घड्याळी वेळ आजच्या वेळेशी जुळवायची तर एक तास कमी करावा लागतो. नीट राखलेल्या लिनक्स यंत्राला ‘डेट’ आज्ञेने १९४३ मधली वेळ विचारली, तर ते ग्रिनिचच्या पुढे साडेसहा तास दाखवते. त्याला युद्ध ठाऊक असते.

‘नीट राखलेल्या’ हे शब्द येथे सोडता येत नाहीत. काही वर्षांपूर्वीपर्यंत भारताची ही नोंदच चुकीची होती. तीत १९०६ हे सालच नव्हते. हावड्याची वेळ थेट ऑक्टोबर १९४१ पर्यंत चालली, असे ती सांगे. नंतर अभ्यासकांनी दाखले दिले, मद्रास आणि १९०६ या ओळी आल्या. ज्या यंत्रांनी अपडेट घेतले, त्यांचा विसाव्या शतकाचा इतिहास सुधारला. ज्यांनी घेतले नाही, त्यांच्या लेखी लॉर्ड कर्झनच्या काळातली ती सारी घड्याळे अजून हावड्यावर लावलेली आहेत. भारतीय प्रोग्रामरांच्या पिढीने पायथॉन भाषेत वेळ मांडताना कधीतरी ‘५ तास ५३ मिनिटे’ असा अगम्य फरक पाहून डोके धरलेले आहे. तो कोलकात्याचा १८५४ पूर्वीचा सूर्य असतो.

नोंदीच्या नावाचीही एक कथा आहे. ती आधी ‘एशिया/कलकत्ता’ होती. शहराचे नाव २००१ मध्ये कोलकाता झाले. संग्रहात ते २००८ मध्ये बदलले. पण जुने नाव पुसले नाही. कुठल्यातरी जुन्या प्रोग्राममध्ये ते लिहिलेले असणारच, म्हणून ‘बॅकवर्ड’ या फाइलीत जुन्या नावावरून नव्याकडे जाणारी वाट ठेवली आहे. काही ब्राउझर अजूनही भारतीय वापरकर्त्याची जागा ‘कलकत्ता’च सांगतात. डेबियनने अलीकडे अशी बरीच जुनी नावे वेगळ्या पॅकेजात हलवली, आणि ते पॅकेज न घेणाऱ्यांचे जुने प्रोग्राम अडखळू लागले.

मंडईने हेच पाहिले आहे. १८८० च्या दशकात बांधलेली ही इमारत गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाई. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी या बांधकामावरील खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे मत होते. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला फुल्यांचे नाव मिळाले. जुने कागद, जुने नकाशे मात्र ‘रे मार्केट’च सांगतात, आणि संशोधकाला दोन्ही नावे एकाच वास्तूची आहेत हे ठाऊक असावे लागते. नाव बदलणे एका ठरावाने होते. जुन्या नावाची वाट चालू ठेवणे हे काम मात्र न संपणारे.

सेकंदांची मोजणी तरी बिनतक्रार असेल? तीही नाही. यंत्रातला स्फटिक थंडी-उन्हाप्रमाणे पुढे-मागे धावतो, म्हणून प्रत्येक सर्व्हर ठरावीक काळाने दुसऱ्या विश्वासू घड्याळाला वेळ विचारतो. भारतीय प्रमाणवेळ अणुघड्याळांवर राखण्याचे काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेने देशातील कंपन्या आणि सेवादात्यांना आपली घड्याळे याच प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या घड्याळांशी जुळवून ठेवण्याचे निर्देश दिले. सायबर गुन्ह्याच्या तपासात दोन यंत्रांच्या नोंदींत मिनिटाचा फरक असला, की कोणी आधी काय केले याची साखळीच तुटते.

त्यात पृथ्वी स्वतः थोडी अनियमित फिरते. तिच्याशी मेळ राखण्यासाठी १९७२ पासून सत्तावीस वेळा जगाच्या घड्याळात एक सेकंद वाढवला गेला. हा लीप सेकंद जागतिक मध्यरात्री येतो, म्हणजे भारतात पहाटे साडेपाचच्या उंबरठ्यावर. रविवार, १ जुलै २०१२ च्या पहाटे तो आला तेव्हा लिनक्सच्या गाभ्यातील एका दोषामुळे जगभरातले अनेक सर्व्हर काहीच काम नसताना पूर्ण ताकदीने धावून गुदमरले. रेडिटसारखी संकेतस्थळे कोलमडली. उपाय मात्र गमतीचा निघाला: यंत्राला त्याचीच चालू तारीख पुन्हा एकदा सांगायची, की ते भानावर येई! २०३५ पर्यंत हा लीप सेकंद बंद करण्याच्या दिशेने निर्णय २०२२ मध्ये झाला आहे.

उरले २०३८. बत्तीस बिटांच्या चिन्हांकित खणात २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंतच सेकंद मावतात. तो खण मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी भरेल. पुण्यात तेव्हा सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झालेले असतील. काम बरेच झाले आहे. ओपनबीएसडीने २०१४ मध्ये चौसष्ट बिटांचा खण घेतला. लिनक्सच्या गाभ्याने २०२० च्या ५.६ या आवृत्तीत बत्तीस बिटांच्या यंत्रांसाठी वाट करून दिली. डेबियनने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत आपली हजारो पॅकेजे त्यासाठी पुन्हा बांधली. धोका उरतो तो एकदा बसवून विसरलेल्या यंत्रांचा: भिंतीतले मीटर, दाराचे कुलूप, कारखान्यातला नियंत्रक. त्यांच्यापर्यंत कोणतेच अपडेट पोचत नाही.

अशा यंत्रात खण उलटा फिरेल आणि घड्याळ वजा आकड्यावर, १९०१ च्या डिसेंबरात जाईल. ग्रिनिचला शुक्रवार, १३ डिसेंबर १९०१, रात्रीचे ८ वाजून ४५ मिनिटे ५२ सेकंद. त्याची भारतीय वेळ काढण्यासाठी ते यंत्र आपली वही उघडील, आणि १९०१ मध्ये भारतीय प्रमाणवेळ अजून जन्मायची होती. वही नवी असेल तर उत्तर येईल मद्रासचे: शनिवार, १४ डिसेंबर, पहाटेचे २ वाजून ७ मिनिटे २ सेकंद. पण ज्या यंत्राचा गाभा कोणी बदलला नाही, त्याची वही तरी कोणी बदलली असेल? तिच्यात अजून हावड्याचीच ओळ असेल. मंडईत सकाळचे पावणेनऊ वाजत असताना ते यंत्र २ वाजून ३९ मिनिटे १२ सेकंद दाखवील.